पुस्तक काढले की पोटात दुखते



या खेपेला हरभऱ्याच्या पेरणीवर लिहायचे ठरवले होते. परंतु दीड-दोन महिन्यांपूर्वी एका वस्तीवर जे पाहिले ते मनातून जाईना. म्हणून हरभऱ्याचे शेवटी थोडक्यात सांगतो आणि आज पोरांच्या वाचनाविषयी बोलतो. शेतीखात्याच्या माणसाने मास्तरांच्या कामात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण पंचवीस-तीस वर्षे तुमच्या बांधावर हिंडून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. घरात नीट वाचणारे एक माणूस असले, तर आम्ही सांगितलेल्या चार गोष्टींपैकी तीन शेतात उतरतात. नसले, तर एकही धड उतरत नाही.

भाद्रपदाच्या अखेरीची गोष्ट. पाटोदा तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यात रब्बी ज्वारीच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते. काणी रोग येऊ नये म्हणून पेरणीआधी बियाण्याला गंधक चोळतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे. एका आबांच्या अंगणात पोते उलगडून आम्ही बसलो. गंधकाची पुडी आबांनी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि मला परत दिली. जवळच त्यांचा नातू उभा होता. सहावीत शिकणारा, तरतरीत. मी सहज म्हणालो, ‘‘बाळा, किलोला किती चोळायचे ते वाचून दाखव बरे आबांना.’’

पोराने पुडी घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाला, ‘‘पुसट छापलंय, सायेब. बैलाला पाणी दावायचंय,’’ आणि पसार झाला. छपाई चांगली ठळक होती.

आबा वैतागून म्हणाले, ‘‘आसंच हाय बगा ह्याचं. पुस्तक काढलं की पोटात दुखतंय. ढोरामागं लावा, दिवसभर कुरकुर न्हाई. अब्यासाला बसवलं की शंभर ढोंगं. मारून बगितलं, जेवाण बंद करून बगितलं. ह्याच्या डोक्यात काय शिरतच न्हाई.’’

चुलीपुढून त्याची आई काही न बोलता ऐकत होती. दसरा झाला की ती आणि तिचा नवरा ऊसतोडीला निघणार होते. मुकादमाची उचल घेऊन झाली होती.

आता डोक्यात शिरत नाही म्हणावे, तर हेच पोरगे थोड्या वेळाने माझ्याजवळ येऊन बसले आणि बैलाच्या खुराला काय झाले आहे, त्यावर आबांनी काय लावले आणि ते का लागू पडले नाही, हे सारे मला समजावून सांगू लागले. फडावर एका खेपेला गाडीत किती टन ऊस बसतो आणि त्याचे किती पैसे होतात, हा हिशेब त्याने तोंडी केला. मी मनात पडताळून पाहिला, बरोबर होता. अशा पोराला मठ्ठ कोण म्हणेल?

मी त्याला बांधावरच्या बाभळीखाली नेले. पिशवीत दोन सीताफळे होती, एक त्याला दिले. मग माझ्या नोंदवहीच्या मागच्या पानावर चार ओळी लिहिल्या. पहिल्या ओळीत सुटी अक्षरे. दुसऱ्या ओळीत काना-मात्रा नसलेले शब्द : घर, गवत, नगर, सरळ. तिसऱ्या ओळीत कापूस, शेळी, विहीर, पाऊस. चौथीत ज्वारी, सर्जा, चक्र, ट्रॅक्टर. आणि त्याला सांगितले, ही परीक्षा नव्हे. जिथे अडेल तिथे थांब, मी कोणाला सांगणार नाही.

सुट्या अक्षरांत तो ‘ध’ आणि ‘घ’ यांत गोंधळला, ‘भ’ला ‘म’ म्हणाला. दुसरी ओळ हळूहळू पण नीट वाचली. तिसऱ्या ओळीत ‘कापूस’ चटकन आला. ‘विहीर’पाशी मात्र तो अडला. ‘‘व… ह… र…’’ करीत राहिला. मी शब्द सांगितल्यावर हसून म्हणाला, ‘‘आसं कोण म्हंतं? आमी हीर म्हंताव.’’ चौथ्या ओळीत ‘ज्वारी’, ‘सर्जा’, ‘चक्र’ या तिन्ही शब्दांपुढे त्याने मान खाली घातली. आणि गंमत अशी, की ‘ट्रॅक्टर’ हा सगळ्यांत अवघड शब्द त्याने एका दमात वाचला. कारण तो शब्द त्याने कुठेतरी पाहिलेला होता, आणि तो त्याच्या जिव्हाळ्याचा होता.

दहा मिनिटांत सगळा उलगडा झाला. काना येतो. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी डळमळीत. जोडाक्षर आणि डोक्यावरचा रफार मुळीच नाही. आणि सहावीच्या पुस्तकात तर ओळीओळीला जोडाक्षर! विहिरीच्या मधल्या पाच पायऱ्या ढासळलेल्या असाव्यात आणि वरून आपण ओरडावे, ‘उतर की, भितोस काय?’ तसा हा प्रकार. पोटात दुखणार नाही तर काय होईल?

मग मी त्याच्या आईला विचारले, या पायऱ्या कधी ढासळल्या? तिने बोटांवर मोजून सांगितले. पहिलीला नाव घातले ते वर्ष करोनाचे, शाळा बंद. दुसरीला आणि तिसरीला पाठीमागे ठेवायला कोणी नव्हते, म्हणून पोर बरोबर फडावर. एक हंगाम कोल्हापूरकडे, एक कर्नाटकात. तिकडच्या पाट्यासुद्धा कानडीत. गुढीपाडव्याला परत यायचे तोवर इकडे वर्ष संपायला आलेले. चौथीपासून मात्र दर हंगामाला आबांजवळ ठेवले आणि शाळा नियमित झाली. पण तोवर वर्ग बाराखडीच्या फार पुढे निघून गेला होता. जोडाक्षरे शिकवली गेली त्या दिवसांत हे पोरगे पाचटाच्या कोपीत धाकट्या बहिणीला सांभाळत होते. वाढे विकायला मदत करीत होते. त्याने वेळ वाया घालवला, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आपल्या जिल्ह्यात अशी घरे थोडीथोडकी नाहीत. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, केज, वडवणी, गेवराई, कोणत्याही तालुक्यात जा, दिवाळीनंतर निम्मी वस्ती ओस पडलेली गावे दिसतील. पण एवढे मात्र सांगतो, की हा रोग फक्त ऊसतोडवाल्यांच्या पोरांचा नाही. बागाईतदारांच्या घरीही तो आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ सालापासून ‘असर’ नावाची पाहणी होते. घरोघर जाऊन एकेका मुलाला जवळ बसवतात आणि अक्षर, शब्द, सोपा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, असे क्रमाने वाचायला देतात. मी बाभळीखाली केले तेही याच धर्तीवर. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचता येणारी मुले निम्म्याहून थोडी कमीच निघाली. म्हणजे पाचवीच्या वर्गात बसलेले दर दुसरे पोर असे अडलेले आहे. तेव्हा ‘आमचंच पोरगं कसं असं निघालं’ म्हणून कपाळाला हात लावण्याचे कारण नाही.

कपाशी उगवून आली, की आपण ओळीत फिरून पाहतो आणि जिथे बी उगवले नाही तिथे नांग्या भरतो. सगळे रान मोडून नव्याने पेरीत नाही, आणि न उगवलेल्या जागेवर उभे राहून बियाण्याला शिव्याही देत नाही. पोराच्या वाचनाचेही असेच आहे. नांगी कुठे पडली ते आधी शोधावे आणि नेमकी तेवढीच भरावी. यत्ता कितवी आहे ते विसरून, जिथे अडले तिथून पुढे शिकवायचे, याच पद्धतीने ‘प्रथम’ने हजारो शाळांत काम केले. मुंबई आणि बडोद्यात त्यांच्या अशा वर्गांचा अभ्यास अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी केला होता. पुढे २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह या दोघांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते गरिबीवरच्या अशाच प्रकारच्या अभ्यासांबद्दल. आमच्याकडे सुधारित वाणाच्या शेजारी गावरान वाण पेरून फरक पाहतात ना, तशीच त्यांची रीत.

हे सांगताना माझी मान ताठ आहे असे समजू नका. माझ्या स्वतःच्या धाकट्या मुलाला मी वाचण्यावरून मारलेले आहे. तो तिसरीत होता. दिवसभर शिवार हिंडून मी संध्याकाळी घरी यायचो आणि त्याला पुस्तक घेऊन पुढ्यात बसवायचो. तो एक ओळ वाचायचा आणि पुढची सोडून तिसरीवर जायचा. मला वाटे, मुद्दाम करतो, लवकर सुटायला. टपली मारायचो. एकदा पुस्तकच डोक्यात घातले. बी.एस्सी. ॲग्री. झालेल्या माणसाचे पोर वाचत नाही म्हणजे काय, हा त्यातला खरा राग. वर्षभराने शाळेत डोळ्यांची तपासणी झाली तेव्हा कळले, त्याला चांगल्या जाड भिंगाचा चष्मा लागत होता. ओळी एकमेकींत मिसळत होत्या. चष्मा आला, ओळी सुट्या झाल्या, मार्कही सुधारले. पण पुस्तक म्हटले की त्याचे खांदे आखडायचे ते काही सुटले नाही. आज तो नोकरीला आहे, कामाचे कागद व्यवस्थित वाचतो; परंतु आवडीने पुस्तक हातात घेतलेला मी त्याला पाहिलेला नाही. तो काही बोलत नाही. मला मात्र ते आठवते.

म्हणून पहिली गोष्ट डोळ्यांची. पोर पुस्तक नाकाशी धरते का, ओळ सोडते का, डोके दुखते म्हणते का, फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते का, हे पाहावे. कानाचेही तेच. हाक मारली की दुसऱ्यांदा ‘ओ’ देणाऱ्या पोराला आपण उनाड ठरवतो. कान वाहत असेल तर अक्षरांचे आवाज त्याला वेगळे ऐकू येतच नाहीत. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर येतात, त्या दिवशी पोराला रानात नेऊ नका. पथक येऊन गेले असेल तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा.

आणि काही पोरे अशीही असतात, की डोळे चांगले, कान चांगले, शाळा कधी बुडवलेली नाही, बोलण्यात हुशार, तरी दोन-तीन वर्षे होऊनही अक्षराला अक्षर जुळत नाही. आज शिकलेले उद्या पुसले जाते. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. हा वेडेपणा नव्हे आणि आळसही नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, आणि रीतसर प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीच्या परीक्षेत वेळ वाढवून मिळण्यासारख्या सवलती मिळतात. गटसाधन केंद्रात अशा मुलांसाठी विशेष शिक्षक असतात. मुख्याध्यापकांना सांगून त्यांची गाठ घ्यावी. देवऋषी-अंगाऱ्यात वर्ष घालवू नये.

बहुतेक पोरांच्या बाबतीत मात्र प्रश्न नांग्यांचाच असतो. आणि त्यावर बसलेल्या लाजेचा. वर्गात उठून वाचताना एकदा सगळे हसले, की ते पोर पुढे बैलाला पाणी पाजण्याची सबब शोधते. सहावीतल्या पोराच्या हातात चारचौघांत पहिलीचे पुस्तक दिले, तर ते मेल्याहून मेले होईल. ते एकांतात द्यावे. किंवा धाकट्या बहिणीला वाचून दाखवायचे निमित्त करावे. म्हणजे पोर मास्तर होते आणि पहिलीचे पुस्तक वाचण्याची लाज उरत नाही. आबांच्या घरी हीच युक्ती चालली.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, आम्हालाच वाचता येत नाही, आम्ही काय शिकवणार? याला उत्तर माझ्या आजीचे आहे.

मी तिसरीत होतो, म्हणजे १९७८-७९ सालची गोष्ट. श्रावणात आमच्या मारुतीच्या देवळात पोथी लागे. वाचणारा ओवी म्हणे, दुसरा अर्थ सांगे. घरी आजी मला श्रीधरांचा पांडवप्रताप वाचायला लावी. कंदिलापुढे पोथी, मी वाचतोय आणि आजी वाती वळतेय. तिला ‘अ’ कळत नव्हता. पण साठ श्रावण ऐकून पोथी तिच्या कानात बसलेली. मी चुकलो की वातीवरची नजर न काढता म्हणायची, ‘‘आसं न्हाई बाबा, मागं जा.’’ ओरडायची नाही. मी मागे जायचो, पुन्हा वाचायचो. तीच ओवी चार दिवसांनी पुन्हा आली की सरसर यायची. जोडाक्षरे मला शाळेपेक्षा त्या पोथीने जास्त शिकवली. न वाचता येणारे माणूस ऐकू शकते, आणि ऐकणारे कोणी असल्याशिवाय मोठ्याने वाचायला पोर बसत नाही.

तेव्हा जेवणे झाल्यावर रोज दहा मिनिटे. घड्याळी तास नको. टीव्ही बंद, मोबाइल कोनाड्यात. तीन-चार ओळींचा सोपा उतारा घ्यावा आणि तोच तीन दिवस वाचायला लावावा. आपल्याला वाटते रोज नवा धडा हवा. तसे नाही, ओळखीच्या मजकुरातच जीभ सैल होते. अडले तर मनात तीन आकडे मोजावेत, आणि नाहीच आले तर शब्द सांगून टाकावा. आपल्याला सांगता येत नसेल तर खूण करून पुढे जावे आणि सकाळी थोरल्या बहिणीला नाहीतर मास्तरांना विचारावे. प्रत्येक शब्दाला टोकू नये. पाय घसरला म्हणून दर पावलाला बैलाला चाबूक मारला, तर तो वळणावर बसतोच.

मराठीतल्या अवघड जागा ठरलेल्या आहेत, त्या आठवड्याला एक घ्याव्यात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढतात आणि बोलतात नंतर, इथे पुष्कळ पोरे फसतात. ‘ख’ हा ‘रव’ दिसतो. आणि ‘र’ तर बहुरूपी : ‘सर्जा’त डोक्यावर, ‘चक्र’मध्ये पोटाशी, ‘ट्रॅक्टर’मध्ये टोपीसारखा पायाखाली. हे शब्दांतूनच दाखवावे, नियम पाठ करून घेऊ नयेत. बैलांची नावे, शेतांची नावे, पाहुण्यांच्या गावांची नावे चुलीतल्या कोळशाने भिंतीवर लिहावीत. भिंत पुन्हा सारवता येते.

पुस्तकच पाहिजे असे मुळीच नाही. आपल्याच अंबाजोगाईत दासोपंतांनी जाड कापडाच्या पासोडीवर ग्रंथ लिहिला, सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद. जे हाताशी आहे ते वाचायला द्यावे. एस.टी.ची पाटी, लग्नपत्रिका, किराण्याची यादी, कापसाच्या मापाची पट्टी, ग्रामपंचायतीचा फलक, बियाण्याची पिशवी. आणि सगळ्यांत उत्तम म्हणजे पोराचे स्वतःचे बोलणे. त्याने बैलाच्या खुराची हकीगत सांगितली ना? ती थोरल्या बहिणीने त्याच्याच शब्दांत वहीत उतरावी, ‘हीर’ला ‘हीर’च लिहावे, आणि त्याला वाचायला द्यावी. शब्द त्याच्याच तोंडचे असल्याने पुढचा शब्द काय येणार हे त्याला माहीत असते. शुद्ध भाषा मागाहून येते. पुस्तकात ‘विहीर’ म्हणतात, हे एकदा हसत सांगितले की पुरे.

चार पैसे खर्च करता येत असतील तर बालभारतीचे ‘किशोर’ मासिक लावावे. १९७१ पासून निघते, पोरांना गोडी लागते. जुने अंक आणि सगळी पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. गावातला कोणी शिकलेला मुलगा मोबाइलवर उतरवून देईल. गावात ग्रंथालय असेल तर पोराला दारापर्यंत तुम्ही स्वतः न्या. एकटे जायला ते बुजते.

पेस्टिसाइडच्या बाटल्या मात्र वाचनाच्या सरावाला पोराच्या हातात देऊ नका. पण त्यांवरचा मजकूर घरातल्या कोणाला तरी वाचता आला पाहिजे. माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो. एका भल्या शेतकऱ्याने कोपऱ्यातली बाटली लांबूनच आपल्या सातवीतल्या मुलाला दाखवून विचारले, ‘‘हे अळीचंच हाय ना?’’ मुलगा म्हणाला, ‘‘हाव.’’ ते ज्वारीतल्या तणावर आणलेले ‘टू-फोर-डी’ होते. कपाशीला त्याचा वारासुद्धा सोसत नाही. दोन एकर कपाशीची पाने भेंडीच्या पानांसारखी झाली, बोंड धरले नाही. मुलाला वाचता येत नव्हते आणि तसे म्हणायची लाज वाटली. बापाने त्याला नंतर किती मारले ते मी पाहिले आहे, आणि त्या वर्षी त्या घरात लेकीचे लग्न ठरलेले होते. २०१७ साली यवतमाळकडे फवारणीतून विषबाधा होऊन माणसे दगावली, ते सर्वांना आठवत असेल. डब्यावरचा त्रिकोण लाल असेल तर सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा, एवढे तर निरक्षरानेही पाठ करावे. पण रंग ओळखल्याने मात्रा कळत नाही.

टोळ्या बऱ्याचशा निघाल्या आहेत, काही निघायच्या आहेत. त्यांच्यासाठी दोन शब्द. गावात आजी-आजोबा असतील तर पोराला मागे ठेवावे आणि शाळेत हंगामी वसतिगृहाची सोय आहे का ते मुख्याध्यापकांना व शाळा व्यवस्थापन समितीला विचारावे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली आहे. आपल्या तालुक्यातल्या जागेची चौकशी समाजकल्याण खात्याकडे करावी. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला ‘शांतिवन’मध्येही अशा मुलांच्या राहण्या-शिकण्याचे काम चालते. पोर बरोबर न्यावेच लागले तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेऊन जा आणि कारखान्याच्या जवळच्या शाळेत ते दाखवा. नाव घेण्यास शाळेला नकार देता येत नाही. निदान मागच्या इयत्तेचे एक पुस्तक वळकटीत टाका.

त्या आबांच्या घरी मी परवा हरभऱ्याच्या निमित्ताने पुन्हा गेलो होतो. आई-बाप दसऱ्यानंतर फडावर गेले आहेत. जाण्याआधी मी आईला म्हणालो होतो, ‘‘ताई, रात्री फोन कराल तेव्हा जेवला का, एवढेच विचारू नका. वाचून दाखव म्हणा.’’ ती म्हणाली होती, ‘‘मला काय कळतंय, सायेब?’’ मी म्हणालो, ‘‘ऐकता तर येते.’’

आता रोज रात्री साडेआठाला फोन येतो. रेंज मिळावी म्हणून ती कोपीपासून लांब, बांधावर येऊन उभी राहते. पोरगे आबांच्या खाटेवर बसून सहा-सात ओळी वाचते. आबा सांगत होते, दोन दिवस त्याने रेंज नाही म्हणून टाळले. तिसऱ्या दिवशी आईनेच म्हटले, ‘‘काल बैलाचं अर्ध राहिलं व्हतं, पुढं काय झालं?’’ बैलाची ती हकीगत त्याचीच आहे, बहिणीने वहीत उतरलेली. आतापर्यंत चौदा पाने झाली आहेत. शाळेचा धडा अजून त्याला झेपत नाही. वर्गात उठून वाचायची वेळ आली की अजूनही पोटात दुखते. मी मास्तरांना भेटून आलो. सध्या महिनाभर त्याला वर्गापुढे उभे करू नये, असे आमचे ठरले आहे. मास्तर समजूतदार आहेत, पण दोन वर्ग एकट्याने सांभाळतात, त्यांना तरी किती बोलणार.

हरभऱ्याचे थोडक्यात असे. बियाण्याला आधी किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे, मर रोगाला आळा बसतो. त्यानंतर दर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम जिवाणू संवर्धक गुळाच्या गार पाण्यात कालवून चोळावे आणि बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे. उन्हात वाळवू नये, जिवाणू मरतात. त्या दिवशी आबांच्या अंगणात पाकीट मी मुद्दामच माझ्या पिशवीवर पालथे ठेवले होते, कोणाला वाच म्हटले नाही. पोरगे जवळ आले, उलटे करून पाहू लागले. ‘‘सं… व… ध…’’ थांबले. मग बोट ठेवून मला विचारले, ‘‘सायेब, ह्यो डोक्यावरचा र आधी म्हणायचा का मागून?’’

मी म्हणालो, ‘‘आधी.’’

‘‘संवर्धक,’’ तो म्हणाला. आणि आबांकडे वळून, ‘‘आबा, गूळ गार पाण्यात कालवायचाय. तुमी पाणी तापाया ठिवलंय.’’